जावयाची मोटर नीट बोलती

कांदा चाळीत भरून ठेवला आणि वेळेवर बाहेर काढला नाही, तर त्याला कोंब फुटतात. आमच्या ऑफिसातल्या किश्श्यांचं तेच झालंय. रोज एखादा पडतो, जुन्यावर नवा साठतो, आणि चहाला चारजण जमले की कुणीतरी म्हणतंच, "मनीषाताई, तो चेअरमनचा सांगा की!" म्हणून म्हटलं, आज सगळी चाळच मोकळी करू.

आमचं ऑफिस शिरूरला, स्टँडच्या मागे, मोटर वायंडिंगच्या दुकानावर. खाली शकीलभाईंचे वडील जळालेल्या मोटरी दुरुस्त करतात. वर शकीलभाई विहिरीवरची मोटर फोनवरून चालू-बंद करायचं ॲप बनवतात. स्टार्टरच्या पेटीत एक सिमकार्ड बसवायचं, की लाइट आली, मोटर सुरू झाली, विहिरीतलं पाणी संपलं, सगळं फोनवर कळतं. खालून वार्निशचा वास येत असतो आणि त्या वासात बसून मी लिहिते. काय लिहिते? त्या ॲपच्या बटणांवरचं, सूचनांवरचं, चुकलं तर काय दिसावं त्यावरचं, सगळं!

हे काम नातेवाइकांना समजावून सांगणं हे त्या कामापेक्षा अवघड आहे. पाबळला एका लग्नात माझ्या मामांनी भर पंगतीत विचारलं, "येवढी एमे झाली, आन् बटणावर लिहिती? बटणावर असतंय काय? चालू आन् बंद! त्याचा पगार देत्यात?"

अख्खी पंगत हसली. मी जिलेबी खाल्ली.

पुढं मामांनीच आमची पेटी बसवली. तेव्हा ॲपमधला बराच मजकूर माझ्या आधीचा होता, कुणीतरी इंग्रजीवरून शब्दाला शब्द ठेवून केलेला. मामांनी सकाळी बटण दाबलं. थ्री फेज आलेलीच नव्हती. स्क्रीनवर आलं, 'आपली विनंती नाकारण्यात आली आहे.'

मामांचा फोन थेट मला! "कोण नाकारतोय? त्याचं नाव सांग आधी! विहीर माझी, मोटर माझी, मी विनंती कशाला करू? मी ऑर्डर दिली व्हती!"

त्याच दिवशी मी ते वाक्य काढलं आणि लिहिलं, 'लाइट आलेली नाही. आली की मोटर चालू करू का?' खाली एकच बटण, 'हो, आली की कर.'

दोन दिवसांनी मामांचा परत फोन. आवाज एकदम लोण्यासारखा. "आता कसं माणसागत बोलतंय! पगार वाढवून माग तू."

* * *

मग आमच्या आयुष्यात रिया मॅडम आल्या. पुण्याची एक मोठी ठिबकची कंपनी आमचं ॲप स्वतःच्या नावानं सगळीकडे न्यायला तयार झाली होती, आणि मॅडम तिथल्या ब्रँडच्या प्रमुख. बाई हुशार, बोलायला गोड आणि मताला पक्की. त्यांनी येताना एक जाडजूड पुस्तिका आणली. ॲपनं कुठल्या स्वभावानं बोलायचं, ते त्यात लिहिलं होतं.

ती वाचून दाखवायला दौंड तालुक्यात वरवंडला शेतकऱ्यांची बैठक बोलावली. मॅडम उभ्या राहिल्या आणि प्रसन्न चेहऱ्यानं म्हणाल्या, "आपलं ॲप म्हणजे यंत्र नाही. आपलं ॲप म्हणजे तुमच्या बांधाशेजारचा मित्र!"

 

पहिल्या रांगेतले एक म्हातारे शेतकरी सावकाश उठले. "मॅडम, राग मानू नका. पण बांधाशेजारच्याच्या हातात माझ्या मोटरचं बटण द्यायचं? अवो, त्याच्यापायीच तर मी स्टार्टरला कुलूप लावतोय!"

मागून कुणीतरी ओरडलं, "आमच्या बांधाशेजारच्यावर तर केस चालू हाय! पुढची तारीख त्यालाच विचारून सांगा!"

मॅडमसुद्धा डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. पण माणूस खमक्या. परत येताना गाडीत त्यांनी आमच्यापुढं पैजच मांडली. पुढचा हंगामभर शिरूर तालुक्यातल्या फोनवर माझा मजकूर राहील आणि दौंड तालुक्यातल्या फोनवर त्यांच्या हेड ऑफिसचा. हंगाम संपला की कुठल्या बाजूचे लोक ॲप मनापासून वापरतात ते बघायचं, आणि त्याच बाजूचा मजकूर सगळीकडे जाईल.

म्हणजे मधे भीमा नदी आणि दोन काठांवर दोन भाषा! शकीलभाई म्हणाले, "मंजूर." त्यांचं काय जातंय? त्यांचं ॲप दोन्हीकडून चालणारच होतं. हरले तर जाणार होते मी. मजकूर पुण्याहून यायला लागला तर इथं लिहायला माणूस कशाला हवा? मी परत शिरूरच्या जुन्या क्लासमध्ये मुलांना समास सोडवायला शिकवणार, आणि पाबळचे मामा पुढच्या पंगतीत परत विचारणार, "मग, कुठं गेली तुझी बटणं?"

मला खरंच भीती वाटत होती. आणि आतून खुमखुमीही येत होती!

* * *

पहिला आठवडाही गेला नसेल, आमच्या हेल्पलाइनवर वरवंडचा फोन. फोन घेतो संतोष. तो स्वतः वरवंडचाच, रोज चौफुल्यावरून मोटरसायकलनं शिरूरला येतो. शेतकऱ्यांशी बोलण्यात त्याचा हात कुणी धरणार नाही.

दौंडकडच्या मजकुरात असं होतं, की मोटर सुरू झाली की स्क्रीनवर फटाके फुटायचे आणि मोठ्या अक्षरात यायचं, 'अभिनंदन! तुम्ही कमाल केलीत!'

पलीकडे एक आबा होते. एकदम शांत आवाज. "मला येवढंच सांगा. मोटर चालू झाली म्हणून तुमची कंपनी माझं अभिनंदन करतीय."

"व्हय, आबा."

"म्हंजी ती चालू व्हायची न्हाई, अशी कंपनीला खात्रीच व्हती का?"

संतोषनं फोनवर हात ठेवला आणि टेबलाखाली तोंड घालून हसला. आबांचं पुढं चालूच होतं, "मोटर नवी हाय म्हणून इचारलं. काय असंल ते आत्ताच सांगा."

* * *

आता चेअरमनचा. हे एका गावच्या सोसायटीचे चेअरमन, सगळे त्यांना तात्या म्हणतात. त्यांच्या शब्दाशिवाय गावात पान हलत नाही. मी आणि संतोष त्यांच्याकडे ॲप कसं वाटतंय ते विचारायला गेलो. तात्या ओट्यावर बसलेले, फोन हातात, भुवया वर.

शिरूरकडच्या ॲपमध्ये एक चौकट माझ्या नजरेतून सुटली होती. लावलेल्या वेळेआधी मोटर बंद करायला गेलं की ती विचारायची, 'तुमची नक्की खात्री आहे का?'

तात्यांनी फोन आमच्या नाकासमोर धरला. "ह्ये बघा. सोसायटीत मला कुणी इचारत न्हाई. पंचायतीत इचारत न्हाई. आजपातूर ह्या घरात मला कुणी इचारलं न्हाई, की तात्या, तुमची खात्री हाय का म्हणून. आन् ह्यो मोबाइल इचारतोय!"

आतून काकूंचा आवाज आला, "इचारायला पायजे व्हतं!"

तात्यांनी फोन खिशात घातला आणि विषय पावसाकडे नेला. आम्ही चहा कसा संपवला ते आम्हालाच माहीत.

ऑफिसात येऊन मी ती चौकट बदलली. 'अजून अर्धा तास बाकी आहे. तरी बंद करायची?' माणसाला त्याच्या खात्रीबद्दल कशाला विचारायचं? काय होणार ते सांगावं आणि निर्णय त्याच्यावर सोडावा. तात्यांनी त्याच्यावर शेरा दिला, "आता बरूबर. आमच्या सेक्रेटरीगत."

* * *

आमच्या शिरूरकडच्या न्हावऱ्याच्या सिंधूकाकींचा किस्सा मला सगळ्यात आवडतो, कारण त्यात शकीलभाई सापडले.

काकींच्या घरात फोन एक आणि मोटरी दोन. एक काकींच्या नावावर, एक दिरांच्या. एकाचं काम झालं की त्यानं ॲपमधून बाहेर पडायचं आणि दुसऱ्यानं आत यायचं. त्यासाठी बटण होतं, 'बाहेर पडा'. ते कुणी दाबतच नव्हतं! काकी स्वतःची मोटर चालू करायला गेल्या की चालू व्हायची दिरांची.

मी विचारलं, "काकी, काम झाल्यावर ते बटण का नाही दाबत?"

काकी म्हणाल्या, "अगं, 'बाहेर पडा' काय? पाव्हण्याला कुणी असं म्हणतंय व्हय? भांडणात म्हणत्यात असं. माझ्याच मोटरीनं मला असं म्हणायचं, आन् मी ते दाबायचं?"

मी तिथंच बटण ठरवलं, 'बरं, येऊ का?'

शकीलभाईंना मात्र हे काही केल्या पटेना. "मनीषाताई, माणूस चाललाय! आणि बटण म्हणतंय 'येऊ का'? हे उलटं झालं. लोक गोंधळतील. इतकी साधी गोष्ट आहे, जाणाऱ्यानं जातो म्हणावं!" अर्धा तास वाद. शेवटी त्यांनी घड्याळ बघितलं, बॅग उचलली आणि वैतागून म्हणाले, "उद्या बोलू. अम्मीला दवाखान्यात न्यायचंय. चला, येतो मी."

 शकीलभाई दारापर्यंत गेले. तिथं थांबले. पाठ आमच्याकडेच.

"ठेवा ते बटण," म्हणाले, आणि खाली उतरले.

* * *

आता तुम्ही म्हणाल, सगळीकडे हिचंच बरोबर. तसं नव्हतं. रिया मॅडमनी एकदा माझी चांगली जिरवली, तेही सांगते.

त्या न्हावऱ्याला आल्या आणि मला भर दुपारी उसाच्या कडेला उभं केलं. माझ्या हातात ॲप उघडून दिलं. "वाचा."

ऊन असं, की स्क्रीनवर माझाच चेहरा दिसत होता. मी हाताचा आडोसा केला, मग ओढणीचा, मग एका झाडाकडे निघाले.

मॅडम म्हणाल्या, "तुमचं वाक्य फार सुंदर आहे, मनीषा. फक्त ते वाचायला झाडाखाली जावं लागतं!"

मोटर चालू आहे आणि पाणी व्यवस्थित येत आहे, असं काहीतरी ऐसपैस लिहिलं होतं मी. मॅडमनी ते तिथंच उभ्या उभ्या कापलं. ठसठशीत अक्षरात दोनच शब्द, 'पाणी चालू.' मी ते लांबूनही वाचू शकत होते. त्या दिवसापासून माझ्या मनात त्यांच्याबद्दल आदर आहे. आणि थोडी धास्तीही बसली, कारण असा माणूस समोर असला की पैज सोपी नसते.

* * *

हंगाम निम्मा सरला तेव्हा संतोष एक दिवस आला तोच नाचत. त्यांच्या वरवंडमधल्या एका गृहस्थांची लेक न्हावऱ्याला दिलीय. गृहस्थ लेकीकडे मुक्कामाला गेले, तिथं जावयाचा फोन बघितला, आणि परत आल्या आल्या त्यांनी संतोषला चावडीसमोर गाठलं.

"काय रे, कंपनी एकच ना?"

"एकच की."

"मग जावयाची मोटर नीट बोलती, आन् माझीच का फटाके उडवती? सासरा हाय मी! मान कुणाला द्यायचा?"

नदीच्या त्या काठावर हे पसरायला कितीसा वेळ लागतोय! चौफुल्यावर लोक संतोषची गाडी अडवायला लागले, "आम्हाला शिरूरकडचं टाकून द्या." मी पेढे आणले. सगळ्यांना वाटले, खाली वायंडिंगवाल्या चाचांनाही दिले.

रिया मॅडमनी फोनवर सगळं ऐकून घेतलं, हसल्या, पेढ्याबद्दल अभिनंदनही केलं. मग म्हणाल्या, "किस्से छान आहेत. पण हेड ऑफिसला किस्से चालत नाहीत. वापर बघू."

आणि वापर बघितला, तर दोन्ही काठ जवळजवळ बरोबरीत! कारण सरळ आहे. फटाके उडोत नाहीतर काही उडो, पिकाला पाणी तर द्यायचंच असतं. दौंडकर शिव्या देत देत ॲप वापरत होते. पेढे वाया गेले, असं वाटून मला रडू यायचं बाकी राहिलं.

* * *

निर्णयाची बैठक आमच्याच ऑफिसात, सकाळी. रिया मॅडम, शकीलभाई, संतोष आणि मी. मॅडमनी लॅपटॉप उघडला. पडद्यावर दोन रकाने, डावीकडे शिरूर, उजवीकडे दौंड. एकेक वाक्य घ्यायचं आणि कुठलं ठेवायचं ते ठरवायचं.

पाळीच्या सूचनेवर आल्यावर त्या थांबल्या. पाळी म्हणजे, सामाईक विहिरीवर मोटर एक आणि भागीदार दोन-तीन. ठरलेल्या दिवशी ठरलेल्यानं पाणी घ्यायचं. एकाची पाळी संपली की दुसऱ्याला ॲप कळवतं. दौंडच्या रकान्यात होतं, 'वापरकर्ता १ चे सत्र समाप्त. वापरकर्ता २ चे सत्र सुरू.'

शिरूरच्या रकान्यात पूर्ण वाक्य नव्हतंच, सुरुवातीला मोकळी जागा होती. कारण ॲप टाकताना आम्ही प्रत्येक भागीदाराला विचारायचो, की दुसऱ्याला तुम्ही काय म्हणता? आबा, वहिनी, मामा, जे म्हणत असाल ते त्या जागेत यायचं.

मॅडम म्हणाल्या, "मनीषा, हे मी ठेवू शकत नाही. ॲप टाकतानाच एवढे प्रश्न विचारायचे? नुसतं नाव पुरे की. कोण कुणाला काय म्हणतं, त्यानं पाण्याला काय फरक पडतो?"

 तेवढ्यात हेल्पलाइन वाजली. संतोषनं फोन घेतला, नाव बघितलं, आणि माझ्याकडे बघून स्पीकरवर टाकला. "न्हावऱ्याचे दत्तूआप्पा," तो हळूच म्हणाला.

दत्तूआप्पा आम्हाला माहीत होते. त्यांचा धाकटा भाऊ नामदेव. विहीर दोघांची, मोटर एक. वाटणीच्या वेळेपासून दोघांत अबोला. पाळी बदलली की निरोप बायकांमार्फत जायचा. नामदेवच्या फोनवर ॲप टाकताना संतोषनं त्याला नेहमीचा प्रश्न विचारला होता, "भावाला काय म्हणता?"

नामदेव म्हणाला होता, "काईच म्हणत न्हाई."

"आधी काय म्हणायचा?"

नामदेवनं विहिरीकडे बघितलं होतं. "दादा."

"मग तेच टाकू?"

"टाक. ॲप म्हणंल. मी न्हाई."

तर आज नामदेवची पाळी संपली होती, आणि आप्पांच्या फोनवर आलं होतं, 'दादा, माझं भिजवून झालं. मोटर तुमच्याकडे.'

आप्पा विचारत होते, "ह्यो मेसेज नामानं सोता लिव्हला, का तुम्ही?"

संतोषनं माझ्याकडे बघितलं. शकीलभाईंनी माझ्याकडे बघितलं. खोटं बोलायचा प्रश्नच नव्हता.

मी म्हटलं, "आप्पा, वाक्य मी लिहिलं. पण 'दादा' त्यांनी सांगितलं."

  आप्पांनी घसा साफ केला.

"बरं. मग ह्याच्यात उलटं पाठवायचं बटान कुठं हाय?"

ते बटण नव्हतंच! पाळी संपली की पुढच्याला कळवायचं, एवढंच आम्ही केलं होतं. पुढच्याला काही म्हणायचं असेल, हे आमच्यापैकी कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं.

शकीलभाईंनी विचारलं, "काय पाठवायचंय, आप्पा?"

"येवढंच, की मोटर ऱ्हाऊ दे त्याच्याकडं. त्याच्या कांद्याला अजून एक पाणी पायजे. मला बांधावरनं दिसतंय."

 रिया मॅडमनी लॅपटॉप स्वतःकडे ओढला.

"आप्पा, ते बटण आम्ही करतो. त्याच्यावर काय लिहू, ते तुम्हीच सांगा."

आप्पा म्हणाले, "लिव्हा, 'ऱ्हाऊ दे. तुझं होऊ दे आधी.'"

मॅडमनी ते जसंच्या तसं टाइप केलं. शकीलभाईंनी विचारलं, "कुठल्या रकान्यात?"

मॅडमनी दौंडचा अख्खा रकाना निवडला, पुसला, आणि शिरूरचा उचलून तिथं ठेवला. मी खुर्चीतून उठले ती कुणाला मिठी मारू, हेच मला कळेना.

स्पीकरवर आप्पा अजून होतेच.

"गेलं का मग? जरा लवकर करा. त्यो तिथंच हुबा हाय मोटरपाशी, मला हितनं दिसतोय."